विश्लेषण : सातारा-सांगलीचा रेल्वेप्रवास सर्वांत स्वस्त, तरी पसंती एसटीला का? दुहेरीकरणाने चित्र बदलेल?

गुढीपाडवा झाला, परीक्षा आटोपल्या की सातारा-सांगली भागात प्रवासाचे बेत सुरू होतात. जोतिबाची चैत्र यात्रा, शिखर शिंगणापूर, पंढरपूरची चैत्री वारी, महाबळेश्वर-पाचगणीची सहल, शिवाय पुण्या-मुंबईहून सुटीत गावी येणारे नोकरदार. या सगळ्यांसाठी कागदावर सर्वांत कमी खर्चाचे साधन रेल्वेच आहे. तरीही पुण्याहून साताऱ्याला निघालेला माणूस आधी स्वारगेट गाठतो. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर विजेची इंजिने आली, दुहेरीकरणाचे एकेक टप्पे वापरात आले, वंदे भारतही धावू लागली. मात्र, खिशाला परवडणारे तिकीट काढून जनरल डब्यात बसणाऱ्याच्या वाट्याला यातून काय आले, हा प्रश्न कायम आहे. मोबाइलवर नॉर्वे-स्वीडनच्या ‘स्वस्त वसंत सहली’चे बेत आखणाऱ्या तरुणांसाठीही या तुलनेत शिकण्यासारखे बरेच आहे.

रेल्वे नेमकी किती स्वस्त?

पुणे ते सातारा रेल्वेचे अंतर सुमारे १४५ किलोमीटर, तर पुणे ते सांगली सुमारे २७२ किलोमीटर आहे. पॅसेंजर गाडीच्या साध्या द्वितीय श्रेणीत साताऱ्याचे तिकीट पन्नाशीच्या आत आणि सांगलीचे शंभरीच्या आत येते. एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचे भाडे यापेक्षा जास्त असले, तरी साताऱ्यापर्यंत तेही शंभर रुपयांच्या आतच राहते.

करोनाकाळात पॅसेंजर गाड्यांनाही एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले होते. त्यामुळे १० रुपयांचे किमान तिकीट ३० रुपयांवर गेले. जवळच्या गावांना रोज ये-जा करणाऱ्यांना याचा सर्वाधिक फटका बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने दर पुन्हा लागू झाले.

त्यानंतर दोनदा भाडेवाढ झाली. १ जुलै २०२५ पासून विनावातानुकूलित मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरमागे एक पैसा आणि वातानुकूलित श्रेणींना दोन पैसे वाढले. २६ डिसेंबर २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या दोन्ही प्रकारांत किलोमीटरमागे आणखी दोन पैसे, तर साध्या गाड्यांत २१५ किलोमीटरच्या पुढील प्रवासाला एक पैसा वाढला. म्हणजे पुणे-सातारा या अंतराला पॅसेंजरमध्ये या दोन्ही वाढींची झळ बसली नाही. एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दोन्ही वाढी मिळून १४५ किलोमीटरला साधारण चार ते पाच रुपयांचा फरक पडतो. मासिक पासचे दर दोन्ही वेळा जैसे थे राहिले.

मग प्रवासी एसटीकडे का वळतात?

पहिले कारण अंतराचे. रस्त्याने पुणे-सातारा सुमारे ११० किलोमीटर आहे, रेल्वेने ३५ किलोमीटर जास्त. महामार्ग कात्रज आणि खंबाटकी ओलांडून सरळ येतो, रेल्वे जेजुरी-नीरा-लोणंद-वाठार असा वळसा घेते.

दुसरे कारण स्थानकाचे. सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. गाडीतून उतरल्यावर पोवई नाका किंवा राजवाड्यापर्यंत पुन्हा रिक्षा किंवा बस धरावी लागते. एकट्या प्रवाशाची तिकिटात झालेली बचत या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये संपू शकते. एसटी थेट शहरातल्या स्थानकात उतरवते. महाबळेश्वर, कास किंवा वाईकडे जायचे असेल, तर तिथूनच पुढची गाडी मिळते.

तिसरे कारण फेऱ्यांचे. स्वारगेटहून साताऱ्याकडे दिवसभर गाड्या सुटत असतात. एक चुकली तर दुसरी मिळते. रेल्वेत एक गाडी चुकली, की पुढच्या सोयीच्या गाडीसाठी काही तास थांबावे लागू शकते.

चौथे कारण सवलतीचे आहे आणि गेल्या तीन-चार वर्षांत तेच सर्वांत प्रभावी ठरले. एसटीने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. रेल्वेने मात्र मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली, ती पूर्ववत झालेली नाही. त्यापूर्वी ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के सूट होती. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी सवलती टिकल्या.

घरचा हिशेब कसा बदलतो?

७६ वर्षांची आजी, तिची सून आणि दहा वर्षांचा नातू, असे तिघे पुण्याहून साताऱ्याला निघाले, असे समजा. एसटीत आजीला तिकीट नाही, सुनेला अर्धे आणि नातवालाही अर्धे. तिघांचे मिळून एक पूर्ण तिकीट झाले. रेल्वेच्या जनरल डब्यात आजीचे पूर्ण, सुनेचे पूर्ण आणि नातवाचे अर्धे, म्हणजे अडीच तिकिटे झाली.

याचा अर्थ रेल्वेचे माणशी भाडे एसटीच्या ४० टक्क्यांहून कमी असेल, तरच या घराला रेल्वे स्वस्त पडते. पॅसेंजर या हिशेबात बसते. एक्स्प्रेसमध्ये फरक किरकोळ उरतो आणि स्थानकापासूनची रिक्षा धरली, की पारडे एसटीकडे झुकते. याउलट दोन-तीन तरुण मुले एकत्र निघाली, तर त्यांना एसटीत सवलत नाही. त्यांच्यासाठी रेल्वेचे जनरल तिकीट आजही निम्म्याहून कमी खर्चात पडते. थोडक्यात, ‘रेल्वे स्वस्त की एसटी’ याचे उत्तर प्रवासी कोण आहे यावर ठरते.

सांगलीकरांसाठी समीकरण थोडे वेगळे आहे. अंतर जास्त असल्याने रेल्वेची बचत वाढते, रात्रीच्या गाडीत झोपून जाता येते आणि रस्त्यावरच्या कोंडीची धास्ती नसते. सातारा-कागल महामार्गाच्या रुंदीकरणात कराड परिसरात झालेली कोंडी अनेकांनी अनुभवली आहे. त्यामुळे पुणे-सांगली किंवा मुंबई-सांगली प्रवासात रेल्वेची पकड पुणे-सातारा टप्प्यापेक्षा घट्ट आहे.

रेल्वेचा मार्ग एवढा वळसा का घेतो?

हा मार्ग १९ व्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेज म्हणून टाकला. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. कात्रज आणि खंबाटकीचा घाट रस्त्याने चढता येतो, पण रेल्वेला त्यासाठी लांबलचक बोगदे खणावे लागले असते. त्याऐवजी अभियंत्यांनी पूर्वेकडून जेजुरी आणि नीरा खोऱ्याचा मार्ग निवडला. तरीही शिंदवणे-आंबळे आणि आदर्की-वाठार या टप्प्यांतील चढ चुकले नाहीत. आजही गाडीचा वेग इथेच मंदावतो.

मिरज ते कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थानने बांधला आणि तो १८९१ मध्ये सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकालगतच्या माळरानावर कारखाना उभा केला, त्यामागेही हाच लोहमार्ग होता. पुढे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली आणि मिरज हे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांशी नाते सांगणारे जंक्शन झाले. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. मात्र, जुनी आखणी बहुतांशी तशीच राहिली. १३० वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनासाठी काढलेली वळणे आज वंदे भारतलाही घ्यावी लागतात.

वंदे भारत असूनही वेळ का वाचत नाही?

१६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी या दोन वंदे भारत गाड्यांचे उद्घाटन झाले. दोन्ही आठवड्यातून तीन दिवस सुरू झाल्या आणि दोन्हींना सातारा, सांगली, मिरज हे थांबे मिळाले. कोल्हापूरच्या गाडीला कराड आणि किर्लोस्करवाडीही देण्यात आले.

कोल्हापूर-पुणे ३२६ किलोमीटरसाठी तिला सव्वापाच तासांचे वेळापत्रक मिळाले. सरासरी काढली तर ताशी ६२ किलोमीटर. ताशी १६० किलोमीटरसाठी बनवलेल्या गाडीचा हा वेग आहे. इतर एक्स्प्रेस गाड्यांना याच अंतराला साधारण सात ते आठ तास लागतात. म्हणजे दोन-अडीच तासांची बचत झाली. ती प्रामुख्याने कमी थांबे आणि मार्गावर मिळणारे प्राधान्य यांतून आली. वळणे आणि चढ तेच राहिले.

स्वस्त प्रवासाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे या गाडीत जनरल डबा नाही, केवळ चेअरकार आणि एक्झिक्युटिव्ह श्रेणी आहे. तिला पुढे काढण्यासाठी पॅसेंजर बाजूच्या रुळावर थांबते, तेव्हा एकाच्या वेळेची बचत दुसऱ्याच्या वेळेतून होते.

एकेरी मार्गाची कोंडी म्हणजे काय?

एकेरी मार्गावर दोन स्थानकांदरम्यान एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून गाडी येत असेल, तर एकीला स्थानकातील दुसऱ्या रुळावर थांबावेच लागते. प्रवासी भाषेत यालाच ‘क्रॉसिंग’ म्हणतात.

मार्गाची क्षमता मोजण्यासाठी भारतीय रेल्वेत स्कॉट सूत्र वापरले जाते. दिवसाची १,४४० मिनिटे घ्यायची आणि त्यांना सर्वांत अवघड टप्प्यावर एका गाडीला लागणाऱ्या वेळेने भागायचे. उदाहरणार्थ, दोन स्थानकांमधील धावेला १० मिनिटे आणि सिग्नल, सांधे बदलण्याच्या प्रक्रियेला ५ मिनिटे लागत असतील, तर १,४४० भागिले १५ म्हणजे ९६. देखभाल, विलंब वगैरेंसाठी यातील ७० टक्केच क्षमता धरली जाते. उरतात ६७ गाड्या, त्याही दोन्ही दिशा मिळून, मालगाड्यांसह.

याच टप्प्यात घाट असेल आणि धावेला १० ऐवजी १५ मिनिटे लागली, तर हाच आकडा ५० वर येतो. म्हणजे एका अवघड टप्प्यामुळे अख्ख्या मार्गाची क्षमता घटते. पुणे-साताऱ्यात उशीर झाला, की त्याचा परिणाम मिरजेपर्यंत का जाणवतो, याचे उत्तर इथे आहे.

दुहेरीकरणाने प्रत्येक दिशेला स्वतंत्र रूळ मिळतो, क्रॉसिंगची प्रतीक्षा संपते. पण सुमारे २८० किलोमीटरचा पुणे-मिरज मार्ग सलग दुहेरी झाला, तरच पूर्ण फायदा मिळतो. मध्ये एक टप्पा एकेरी राहिला, तरी दोन्ही बाजूंच्या गाड्या तिथेच अडकतात. २०१५-१६ मध्ये मंजुरी मिळालेल्या या कामाचे तयार टप्पे एकेक करून वापरात आले, मात्र वेळापत्रकात त्याचे प्रतिबिंब हळूहळू उमटण्याचे कारण हेच आहे.

नॉर्वे-स्वीडनशी तुलना कशासाठी?

कारण तिथली रेल्वे वाटते तेवढी वेगळी नाही. नॉर्वेतील ओस्लो-बर्गन हा जगातील सर्वांत देखण्या रेल्वेप्रवासांपैकी एक मानला जातो. १९०९ मध्ये सुरू झालेला हा डोंगरी मार्ग आजही बहुतांश एकेरीच आहे. वाटेतील फिन्से स्थानक १,२२२ मीटर उंचीवर आहे. सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला साडेसहा ते सात तास लागतात. सरासरी वेग ताशी सत्तरच्या घरात, म्हणजे आपल्या वंदे भारतपेक्षा फार जास्त नाही.

फरक आहे तो तिकिटाच्या रचनेत. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये लांबच्या गाड्यांची तिकिटे विमानासारखी विकली जातात. आधी काढणाऱ्याला स्वस्त, ऐनवेळी काढणाऱ्याला महाग. स्वीडनने २०१० मध्ये प्रवासी रेल्वेवाहतूक इतर कंपन्यांसाठी पूर्ण खुली केली. स्टॉकहोम-गोथेनबर्ग मार्गावर २०१५ पासून सरकारी कंपनीला खासगी स्पर्धक मिळाला.

भारतात बहुतेक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, दोन महिने आधी काढा किंवा आदल्या दिवशी. त्यामुळे टंचाई भाड्यात न दिसता प्रतीक्षायादीत दिसते. तिथे लवकर ठरवणाऱ्याचे पैसे वाचतात, इथे लवकर ठरवणाऱ्याला जागा मिळते. ऐनवेळी आजारी माणसाला घेऊन मिरजेच्या रुग्णालयात निघालेल्याला आपली व्यवस्था जास्त पैसे मागत नाही, पण उभे राहून प्रवास करायला लावते. स्कँडिनेव्हियात त्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त, मात्र तिकीट कित्येक पटींनी महाग. दोन्हीकडे गरजू माणूस किंमत मोजतोच, मोजण्याचे चलन वेगळे.

दुसरा फरक शेवटच्या किलोमीटरचा. बर्गन, कोपनहेगन, माल्मो या शहरांची मुख्य स्थानके शहराच्या मध्यात आहेत. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात एकाच तिकिटावर लोकल रेल्वे आणि बस दोन्हींत बसता येते. साताऱ्यात रेल्वेचे तिकीट स्थानकावर संपते आणि पुढची सोय ज्याची त्याने बघायची असते.

वसंतात तिकडे जायचे असेल तर?

शिक्षण किंवा नोकरीसाठी युरोपात असलेल्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे. त्यांच्यासाठी काही ठळक मुद्दे :

- डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन तिन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत. एका शेंगेन व्हिसावर तिन्ही देश होतात. नॉर्वे युरोपीय संघात नसला, तरी यात फरक पडत नाही.
- भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. इंटररेल पास केवळ युरोपातील रहिवाशांसाठी आहे. म्हणजे तिथे राहणारी मुलगी आणि इथून गेलेले आई-वडील यांचे पास वेगळे असतील. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना पासवर सवलत आहे.
- पास असला, तरी लांबच्या आणि रात्रीच्या अनेक गाड्यांत आसन आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. दोन-तीनच प्रवास करायचे असतील, तर आधी काढलेली सुटी तिकिटे पासपेक्षा स्वस्त पडू शकतात.
- ईस्टरचा आठवडा टाळलेला बरा. नॉर्वेतील कुटुंबे तेव्हा बर्फाळ डोंगरात जातात, गाड्या भरतात. १७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन, त्या दिवशीही गर्दी असते.
- मेमध्ये हार्डांगर फियोर्डच्या काठी फळबागा फुलतात, तर फिन्सेला बर्फ असतो. दोन्ही एका प्रवासात बघता येतात. मीरडाल-फ्लॉम हा २० किलोमीटरचा प्रसिद्ध फाटा मात्र पर्यटकांसाठीचा असून अंतराच्या मानाने महाग आहे.
- कोपनहेगन-माल्मो हा प्रवास २००० मध्ये खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावरून होतो. पाऊण तासाच्या आत देश बदलतो.

इथे स्वस्तात जायचे असेल तर?

- किमान अंतर बघा. स्लीपर श्रेणीत किमान २०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते. त्यामुळे १४५ किलोमीटरच्या पुणे-साताऱ्यासाठी स्लीपर काढणे म्हणजे न केलेल्या ५५ किलोमीटरचे पैसे भरणे. सांगलीसाठी ही अडचण नाही.
- पास काढा. मासिक आणि त्रैमासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. पुणे-सातारा या मर्यादेत जेमतेम बसते, सातारा-सांगलीही बसते. पुणे-सांगली बसत नाही. आठवड्याला पुण्याहून घरी येणाऱ्या सातारकर विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून बघावा.
- जनरल तिकीट मोबाइलवर. जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर आरक्षित आणि अनारक्षित दोन्ही तिकिटे मिळतात. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाचे अनारक्षित तिकीट तीन दिवस आधी काढता येते. त्यामुळे सांगलीकरांना खिडकीवरची रांग टाळता येते. साताऱ्यासाठी मात्र त्याच दिवशी काढावे लागते.
- ६० दिवसांचा नियम. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. मेच्या मध्यावरचा प्रवास मार्चच्या मध्यावर ठरवावा लागतो.
- तत्काळ. वातानुकूलितसाठी आदल्या दिवशी सकाळी १०, इतर श्रेणींसाठी ११ वाजता आरक्षण खुले होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची आहे.
- गाडीचा क्रमांक वाचा. शून्याने सुरू होणारा क्रमांक म्हणजे विशेष गाडी. तिचे भाडे अनेकदा नेहमीपेक्षा जास्त असते. करोनाकाळात बंद झालेली मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये परतली, तीही विशेष गाडी म्हणून आणि पुण्यापर्यंतच.
- उरलेल्या सवलती. ज्येष्ठांची सवलत बंद असली, तरी दिव्यांग, विद्यार्थी आणि कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडाच्या आजारांसह ठरावीक रुग्णांसाठीच्या सवलती सुरू आहेत. मिरजेला उपचारासाठी येणाऱ्यांनी रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे.

वाटेत काय बघता येईल?

स्वस्त सहलीसाठी हा मार्ग दुर्लक्षित आहे. जेजुरी, वाल्हे आणि लोणंद ही पालखी मार्गावरची ओळखीची नावे याच रुळांवर आहेत. वाठार हे एकेकाळी महाबळेश्वरला जाणाऱ्यांचे उतरण्याचे स्थानक होते. रहिमतपूरहून औंधची यमाई आणि तिथले संग्रहालय गाठता येते. भिलवडीहून औदुंबर जवळ आहे. मिरजेतील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथली वाद्ये बनवणाऱ्यांची गल्ली आणि मीरासाहेब दर्गा स्थानकापासून फार दूर नाहीत. मिरजेहून एक फाटा पंढरपूरकडे जातो. याच मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती.

अडचण एकच. बहुतेक लहान स्थानकांवर केवळ पॅसेंजर थांबते आणि तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत. सकाळी उतरून संध्याकाळी परतता येईल, अशी वेळ जुळली तरच सहल शक्य होते.

दुहेरीकरणाचा फायदा कोणाला?

क्षमता वाढली, की तिच्यावर तीन दावेदार उभे राहतात. मालगाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि स्थानिक पॅसेंजर. मालवाहतुकीतून रेल्वेला उत्पन्न मिळते. पुणे-मिरज हा उत्तर भारत, राजस्थान, गुजरातहून कर्नाटक-गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचाही मार्ग आहे. मिरजेच्या पुढे बेळगाव-लोंढ्याकडचा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेकडे जातो. त्यामुळे नवीन जागा आपोआप सातारा-सांगलीच्या पॅसेंजरला मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

विद्युतीकरणामुळे मात्र एक नवीन शक्यता तयार झाली आहे, ती मेमू गाड्यांची. पुणे-लोणावळा लोकलसारखी विजेवर चालणारी ही गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. इंजिन जोडलेल्या पॅसेंजरला प्रत्येक थांब्यावर जो वेळ लागतो, तो यात वाचतो. त्यामुळे मासूर, ताकारी, नांद्रे अशा लहान स्थानकांवर थांबूनही एकूण वेळ फार वाढत नाही. पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात मेमू वाढवण्याची मागणी प्रवासी संघटना करत आल्या आहेत. फलटणला २०२१ मध्ये पुण्याची थेट डेमू मिळाली, तेव्हा लहान शहराला थेट स्वस्त गाडी मिळू शकते, हे दिसले होते.

खरी अडचण पुणे स्थानकाची आहे. सहा फलाटांच्या या स्थानकात मुंबई, सोलापूर आणि मिरज या तिन्ही दिशांच्या गाड्या येतात. मिरजेकडून येणारा मार्ग दुहेरी झाला, तरी पुण्यात फलाट मोकळा नसेल, तर गाडी बाहेरच उभी राहते. म्हणून हडपसर टर्मिनलचा विकास सातारकरांसाठीही महत्त्वाचा आहे. मात्र, गाडी हडपसरला संपली, तर तिथून शहरात जाण्याचा खर्च आणि वेळ पुन्हा प्रवाशाच्या माथी येतो.

पुढे काय पाहावे?

स्थानकांचे रूप पालटत आहे. लोणंदच्या नूतनीकृत स्थानकाचे उद्घाटन मे २०२५ मध्ये झाले. कराड-चिपळूण आणि कोल्हापूर-वैभववाडी या कोकणाला जोडणाऱ्या मार्गांची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. पण कमी खर्चात प्रवास करणाऱ्यांसाठी तीन साध्या गोष्टी जास्त मोलाच्या आहेत.

पहिली, सलग दुहेरी मार्ग मिळाल्यानंतरच्या वेळापत्रकात पॅसेंजर किंवा मेमूच्या किती फेऱ्या वाढल्या. दुसरी, त्या पुण्यात सकाळी कार्यालये-महाविद्यालयांच्या वेळेआधी पोहोचतात का आणि संध्याकाळी नंतर सुटतात का. तिसरी, सातारा स्थानकाबाहेर प्रत्येक प्रवासी गाडीच्या वेळेला शहराची बस उभी असते का. यातील तिसऱ्या गोष्टीसाठी नवा लोहमार्ग, बोगदा किंवा मोठा निधी लागत नाही. रेल्वे आणि एसटी यांनी एकमेकांची वेळापत्रके समोर ठेवून बसण्याची गरज आहे. स्कोने प्रांतातून सातारा-सांगलीने उचलण्यासारखी सर्वांत स्वस्त गोष्ट हीच आहे.